कॉकर स्पॅनियल: स्वभाव, कान, केस आणि बाकी सगळं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॉकर स्पॅनियल या जातीचा कुत्रा पाळणारे आणि पाळू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. इथे कॉकर म्हणजे इंग्लिश कॉकर. अमेरिकन कॉकरचं जिथे वेगळं आहे, तिथे तसं लिहिलं आहे. सगळ्यात जास्त प्रश्न कानांबद्दल येतात, त्यामुळे घाईत असाल तर निदान प्रश्न ६ आणि ७ वाचा.

१. कॉकर मोठा होऊन केवढा होतो आणि किती वर्षं जगतो?

नराची खांद्यापर्यंतची उंची साधारण ३९ ते ४१ सेंटिमीटर, मादीची ३८ ते ३९. वजन १३ ते साडेचौदा किलोच्या आसपास. आकाराने मध्यम, पण हाडापेराने दणकट. उचलून घेतल्यावर दिसतो त्यापेक्षा जड लागतो. नीट सांभाळलेला कॉकर बारा ते चौदा वर्षं सहज जगतो.

२. इंग्लिश कॉकर, अमेरिकन कॉकर, स्प्रिंगर, कॅव्हेलियर... नेमका फरक काय?

पूर्वी स्पॅनियल ही ढोबळमानाने एकच जात होती. एकाच वेतातली मोठी पिल्लं झुडपांतून पक्षी उठवायला वापरायचे आणि लहान पिल्लं वुडकॉक या पक्ष्याच्या शिकारीला. वेगळी जात म्हणून ब्रिटनच्या केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) कॉकरला १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला मान्यता दिली. अमेरिकेत गेलेल्या कॉकरचं रूप पुढे बदलत गेलं: उंची कमी, कपाळ गोल, तोंड आखूड, केस खूपच दाट. शेवटी १९४६मध्ये अमेरिकन केनेल क्लबने इंग्लिश कॉकरला स्वतंत्र जात मानलं. परदेशी लेख वाचताना हे ध्यानात ठेवा. अमेरिकन लेखक नुसतं 'कॉकर' म्हणतो तेव्हा तो त्यांच्याकडच्या कॉकरबद्दल बोलत असतो.

स्प्रिंगर कॉकरपेक्षा बराच उंच, साधारण ५१ सेंटिमीटर, आणि त्याला दमवणं हे वेगळंच काम. कॅव्हेलियर किंग चार्ल्स पाच ते आठ किलोचा, मांडीवर बसणारा. त्याच्यात हृदयाच्या झडपेचा आजार फार आढळतो, त्यामुळे कॅव्हेलियरसाठी इथली आरोग्याची उत्तरं पुरेशी नाहीत.

३. 'वर्किंग लाइन' आणि 'शो लाइन' म्हणजे काय? आमच्यासाठी कोणता बरा?

शो लाइन प्रदर्शनांसाठी जोपासलेली, वर्किंग लाइन शिकारीच्या कामासाठी. शो लाइनचा कॉकर अंगाने भरलेला, कान लांब आणि खाली लागलेले, केसांची झालर भरपूर. वर्किंग लाइनचा सडपातळ, कान जरा आखूड, केस कमी, आणि दिवसभर रानात पळायच्या तयारीचा. केस कमी म्हणून वर्किंग कॉकर 'सोपा' समजून घेणारे लोक पुष्कळ भेटतात. केसांचा वेळ वाचतो हे खरं, पण तो वेळ दुपटीने व्यायामात जातो. घरातलं कुणी रोज दोन तास बाहेर घालवणारं नसेल, तर माझं मत शो लाइनच्या बाजूने.

४. आम्ही पहिल्यांदाच कुत्रा पाळतोय. कॉकर जमेल का?

स्वभावाने जमेल. कॉकर माणसाला चिकटून राहणारा, शिकवलेलं पटकन उचलणारा, सहसा सगळ्यांशी मिळूनमिसळून राहणारा कुत्रा आहे. चालताना बूडसुद्धा हलेल इतक्या जोरात त्याची शेपूट हलत असते. मात्र तो हळवा आहे. आवाज चढवून किंवा हात उगारून शिकवलेला कॉकर बिथरतो, लपतो, आणि पुढेमागे गुरगुरायला लागतो.

अडचण येते ती निगेची. कान, केस आणि व्यायाम मिळून रोजचा दीड तास तरी धरून चाला. लहान मुलं असतील तर मुलांना आधी दोन गोष्टी शिकवा: झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही आणि लोंबणारे कान ओढायचे नाहीत.

५. रोज किती फिरवावं लागतं? फिरवूनही घरात धिंगाणा का घालतो?

मोठ्या कॉकरला रोज तासभर तरी बाहेर काढा. वर्किंग लाइनला त्याहून बरंच जास्त लागतं. पण नुसतं पट्ट्याला धरून सरळ रस्त्याने तासभर चालवलं, तर पाय दमतात आणि डोकं रिकामंच राहतं. धिंगाण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. ही जात घडली ती नाक जमिनीला लावून, नागमोडी धावत, झाडोऱ्यात दडलेला पक्षी शोधायला. त्या नाकाला काम द्या.

करून पाहण्यासारखं: जुन्या टॉवेलवर रोजच्या खाण्यातले दाणे पसरा, टॉवेलची सैल गुंडाळी करा आणि त्याच्यापुढे ठेवा. पहिल्यांदा तो पंजाने ओरबाडेल. मग थांबेल, फुरफुरत वास घेईल आणि नाकाने गुंडाळी उलगडायला लागेल. हे जमलं की खोलीत खेळणं लपवून 'शोध' शिकवा, नंतर बागेत. पंधरा मिनिटं असं शोधलं की एरवी घर डोक्यावर घेणारा कॉकर कोपऱ्यात पसरलेला दिसतो.

वास लागला की कॉकरला हाकच ऐकू येत नाही, तेव्हा बोलावल्यावर परत येणं पक्कं होईपर्यंत मोकळ्या जागेत लांब दोरी बांधूनच सोडा.

६. कान किती दिवसांनी आणि कसे साफ करायचे?

निरोगी कान रोज नुसते पाहायचे आणि हुंगायचे. साफ करायचे आठवड्यातून एकदा, शिवाय आंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर. त्याहून जास्त वेळा औषध ओतत राहिलात तर कान ओला राहतो, आणि तिथूनच त्रास सुरू होतो.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. कॉकरच्या बाबतीत वर जड, केसाळ पाळी झाकणासारखी पडलेली असते आणि नळीत मेणाच्या ग्रंथीही जास्त असतात. आत ऊब, ओल, अंधार. यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढायला आणखी काय हवं?

पद्धत अशी: पाळी वर उचलून धरा आणि पशुवैद्यांनी सुचवलेलं कान धुण्याचं द्रावण नळी भरेल इतकं सोडा. बाटलीचं टोक कानाला टेकू देऊ नका. आता कानाच्या बुडाशी बोटांनी हलकेच चोळा. आत पचपच आवाज आला की द्रावण खोल पोचलं असं समजा. मग हात काढून घ्या आणि मागे सरका, कारण तो जोरात डोकं झटकणार आणि आतला मळ बाहेर उडणार. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून बोट जाईल तेवढंच पुसा. कापसाच्या काड्या, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, तेल, यांतलं काहीही आत घालायचं नाही.

पाळीच्या आतल्या बाजूचे आणि नळीच्या तोंडाभोवतीचे केस बारीक कापून ठेवा म्हणजे हवा खेळते. नळीच्या आतले केस उपटावेत का, यावर मतभेद आहेत. माझं मत: निरोगी कानातले उपटू नयेत, त्याने बारीक जखमा होतात. जेवताना कान भांड्यात बुडत असतील तर उभट, अरुंद तोंडाचं भांडं वापरा, किंवा जेवणापुरती डोक्यावर कापडी नळीसारखी टोपी चढवा. दिसायला गमतीदार दिसते, पण काम चोख करते.

७. औषध घातलं की कान बरा होतो, महिन्याभराने पुन्हा तेच. असं का?

कारण प्रत्येक वेळी संसर्ग बरा होतो, मूळ कारण तसंच राहतं. वारंवार कान बिघडणाऱ्या कॉकरमध्ये बहुतेकदा त्वचेची अॅलर्जी निघते, खाण्यातल्या कशाची किंवा हवेतल्या धुळीची, परागांची. सोबत पंजे चाटणं, पोट खाजवणं, तोंड घासणं चालू असेल तर संशय पक्का. अशा वेळी पशुवैद्यांना कानातल्या मळाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करायला सांगा. यीस्ट आहे की जिवाणू हे त्यात दिसतं, आणि दोन्हींचं औषध वेगळं. तपकिरी, मेणचट मळ आणि आंबूस वास असेल तर सहसा यीस्ट. पिवळसर-हिरवट पू आणि हात लावू न देण्याइतकं दुखणं असेल तर बहुधा जिवाणू, आणि मग त्याच दिवशी दवाखाना.

मागच्या वेळचे उरलेले थेंब घालू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, आणि पडदा शाबूत आहे की नाही ते घरी कळत नाही. वास गेला म्हणून उपचार मध्येच सोडणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट. शेवटची तपासणी झाल्याशिवाय कान बरा झाला असं धरू नका.

दुर्लक्ष केलं तर नळीची कातडी जाड होत जाते, नळी अरुंद होते आणि शेवटी टणक होते. मग औषध आत पोचतच नाही आणि अख्खी नळी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. कॉकरवर ही वेळ बाकीच्या जातींपेक्षा जास्त येते, म्हणून एवढं लांबण लावलं.

८. केसांत रोज गाठी होतात. कात्रीने कापून टाकू का?

कात्रीने नको. गाठ आवळली की खालची कातडी तिच्यात ओढली जाते, आणि कॉकरची कातडी पातळ असते. केस समजून कातडी कापली जाते, विशेषतः कानामागे आणि खाकेत. गाठ बुडाशी चिमटीत घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीला लागत नाही, बोटांनी तिचे दोन-तीन भाग करा आणि टोकाकडून मुळाकडे कंगवा चालवत या. तरी सुटली नाही तर ग्रूमरकडे मशीनने काढून घ्या.

वरवर ब्रश फिरवून केस चमकतात, पण गाठी मुळाशी तशाच राहतात. स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत पोचून अडकल्याशिवाय बाहेर आला, तरच विंचरून झालं असं म्हणा. विंचरणं आंघोळीच्या आधी. ओली गाठ वाळली की तिचा नमदा होतो.

पावलांखालचे, बोटांमधले केस बारीक ठेवा. गवताची कुसळं तिथेच अडकतात. कुसळाचे बारीक काटे उलट्या दिशेने असतात, त्यामुळे ते फक्त पुढेच सरकतं आणि कातडीत शिरतं. गवतातून फिरून आल्यावर कुत्रा एकच बोट सतत चाटायला लागला आणि ते सुजलं, किंवा अचानक एकाच बाजूला डोकं झुकवून झटकू लागला, तर बोटात किंवा कानात कुसळ असण्याची शक्यता मोठी. ते पशुवैद्यांनाच काढू द्या.

९. उन्हाळ्यात पूर्ण टक्कल केलं तर त्याला बरं वाटेल ना?

कातडीपर्यंत भादरलं तर ऊन थेट लागतं, शिवाय पुन्हा येणारे केस बरेचदा पूर्वीसारखे रेशमी न येता कापसासारखे येतात. त्याऐवजी पोट आणि खाकेतले केस बारीक करा, पायांची झालर आखूड करा, आतले सुटलेले केस विंचरून काढा. खरा आराम सकाळी लवकर फिरवण्याने आणि सावलीने मिळतो.

याला अपवाद नसबंदी झालेला कॉकर. नसबंदीनंतर पुष्कळ कॉकरचे केस लोकरीसारखे दाट होतात आणि कितीही विंचरा, गाठी होतातच. तिथे जपायला रेशमी केस राहिलेलेच नसतात. दर सहा-आठ आठवड्यांनी मशीनने आखूड केले तर कुत्राही सुखी आणि तुम्हीही.

१०. आंघोळ घालूनही अंगाला वास येतो. कुठून येत असेल?

आधी कान हुंगा (प्रश्न ६ आणि ७). मग खालचा ओठ बाजूला ओढून पाहा. कॉकरच्या खालच्या ओठाला घडी असते, तिच्यात लाळ आणि अन्न साचून कातडी लाल, ओली होते. रोज पुसून कोरडी ठेवली तर बहुतेकदा एवढ्यावर भागतं. दातांवर कीट असेल तर वास तिथून. कुजक्या मासळीसारखा वास येत असेल आणि कुत्रा बूड घासत चालत असेल, तर गुदद्वाराजवळच्या ग्रंथी भरल्या आहेत. त्या घरी दाबायला जाऊ नका.

११. पिल्लू घेताना कोणत्या तपासण्या विचारायच्या?

पिल्लाच्या नव्हे, त्याच्या आईवडिलांच्या. दोन जनुकीय चाचण्या महत्त्वाच्या. एक डोळ्याच्या पडद्याच्या ऱ्हासाची, म्हणजे पीआरसीडी-पीआरए. यात आधी अंधारात दिसेनासं होतं आणि पुढे आंधळेपणा येतो. दुसरी फॅमिलियल नेफ्रोपथीची. यात मूत्रपिंडं सहा महिने ते दोन वर्षांच्या वयातच निकामी होतात आणि त्यावर इलाज नाही. दोन्ही आजार आई आणि बाप या दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतात. त्यामुळे एक पालक 'वाहक' असला तरी दुसरा 'निर्दोष' असेल तर पिल्लांना आजार होत नाही. दोन वाहकांची जोडी असेल तर उठून निघा. कागद न दाखवता 'आमच्याकडे असलं काही नसतं' म्हणणाऱ्याकडूनही निघाच.

याशिवाय काचबिंदूसाठी डोळ्यांची तपासणी आणि खुब्याचे एक्स-रे. आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहा. ती अनोळखी माणसाशी कशी वागते, यावरून पिल्लाबद्दल बरंच कळतं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये.

१२. पांढरं पिल्लू आणलं, आता त्याच्यावर ठिपके उमटताहेत! आणि 'दुर्मीळ मर्ल कॉकर' घ्यावा का?

ठिपके उमटणं अगदी नैसर्गिक आहे. रोन रंगाची पिल्लं जन्मतः पांढरी, मधूनच मोठे डाग असलेली असतात. पांढऱ्यात रंगीत केस पुढच्या काही आठवड्यांत मिसळत जातात.

मर्ल, म्हणजे फिकट रंगावर गडद, वेडेवाकडे डाग असलेला कॉकर, घेऊ नका. तो इंग्लिश कॉकरच्या मानकात बसत नाही, आणि दोन मर्ल कुत्र्यांची जोडी लावली तर सरासरी चौथाई पिल्लांत मर्लचं जनुक दोन्हीकडून येतं. अशा पिल्लांत बहिरेपणा आणि डोळ्यांचे दोष फार. 'दुर्मीळ' हा शब्द विकणाऱ्याच्या सोयीचा.

१३. जेवल्यावर पाच मिनिटांत पुन्हा भुकेल्या डोळ्यांनी बघतो. खाणं कमी पडतंय का?

नाही. ते डोळे कॉकरला जन्मतःच मिळालेले आहेत. पोट नव्हे, बरगड्या तपासा: हलक्या हाताने चाचपल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. झालरीमुळे जाडी लपते, म्हणून हातानेच पाहायचं. खाणं वजनकाट्यावर मोजून द्या आणि बक्षिसाचे तुकडे दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा.

द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल असलेले बिनसाखरेचे पदार्थ अजिबात नकोत. अमेरिकन कॉकर पाळणाऱ्यांसाठी जादा सूचना: त्यांच्यात हृदय मोठं होऊन दुबळं होण्याचा एक आजार टॉरिन या अमिनो आम्लाच्या कमतरतेशी जोडलेला आढळला आहे. त्यामुळे घरी शिजवलेलं खाणं देणार असाल तर आहार पशुवैद्यांकडून ठरवून घ्या.

१४. पाहुणे आले की आनंदाने जागीच मुततो. शी-शूची सवय तर लागली आहे, मग?

ही सवय मोडलेली नाही. उत्तेजनाने किंवा समोरच्यापुढे नमतं घेताना ताबा सुटतो, आणि तरुण कॉकरमध्ये हे फार दिसतं. रागावलात तर तो आणखी नमतं घेणार, म्हणजे आणखी मुतणार. पाहुण्यांना सांगा: आल्याआल्या त्याच्याकडे पाहू नका, वाकू नका, डोक्यावर हात ठेवू नका. तो शांत झाला की बाजूला वळून खाली बसा आणि छातीखाली खाजवा. बहुतेक कुत्री वर्षा-दीड वर्षाची होईपर्यंत यातून बाहेर पडतात. मोठ्या वयात अचानक सुरू झालं, तर लघवी तपासा.

१५. हाडाजवळ किंवा सोफ्यावर गेलं की गुरगुरतो. मोजा उचलला तर सोडत नाही.

तोंडात वस्तू घेऊन मिरवणं या शिकारी कुत्र्याच्या रक्तातच आहे. लहानपणी प्रत्येक वेळी आपण धावत जाऊन तोंडातून वस्तू हिसकावली, की 'माणूस आला म्हणजे वस्तू जाणार' एवढं तो शिकतो. ते उलटं शिकवा. वस्तूपेक्षा चांगलं काही दाखवा, सोडली की ते द्या, आणि शक्य असेल तेव्हा वस्तू परतही करा. जेवताना भांड्यात हात घालून 'मालक कोण' ते दाखवू नका. जाताजाता भांड्यात एखादा चांगला तुकडा टाका.

गुरगुरणं दाबून टाकू नका, ती त्याची पूर्वसूचना आहे. ओरडून ती बंद केली, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल.

१६. सोनेरी कॉकरला 'रेज सिंड्रोम' असतो हे खरं का?

काही कारण नसताना अचानक, डोळे निर्विकार होऊन हल्ला आणि लगेच पुन्हा नेहमीसारखा, असं वर्णन असलेली प्रकरणं कॉकरमध्ये नोंदली गेली आहेत. काही तज्ज्ञ त्याचा संबंध फिट्सशी लावतात. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात झालेल्या एका पाहणीत एकरंगी कॉकर बहुरंगींपेक्षा जास्त आक्रमक आढळले होते, हेही खरं. पण ती मालकांच्या उत्तरांवर आधारलेली पाहणी होती. त्यावरून समोरच्या सोनेरी कुत्र्याबद्दल निकाल देता येत नाही.

'रेज' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या वर्णनांत बहुधा दुसरंच काही निघतं. एक तर प्रश्न १५मधली राखण, नाही तर प्रश्न ७मधला दुखरा कान. डोक्यावरून हात फिरवताच उसळणारा कॉकर आधी कानासाठी तपासून घ्या. तरीही विनाकारण हल्ले होत असतील तर पशुवैद्य आणि वर्तनतज्ज्ञ दोघांची गरज आहे. तोवर मुलं लांब ठेवा.

१७. मिनिटभरही एकटा राहत नाही. दुसरं कुत्रं आणू का?

आधी नको. त्याला माणूस हवा असतो, म्हणून दुसरं कुत्रं आणूनही बरेचदा फरक पडत नाही. दाराबाहेर काही सेकंद जाऊन, तो अस्वस्थ व्हायच्या आत परत या आणि वेळ हळूहळू वाढवा. निघताना लाडीगोडी नको. रोज आठ-नऊ तास घर बंद राहणार असेल, तर मात्र कॉकर घेऊच नका.

१८. डोळ्याच्या कोपऱ्यात अचानक लाल गोळा आला. आणि कोणत्या लक्षणांवर रात्रीच दवाखान्यात न्यायचं?

नाकाकडच्या कोपऱ्यातला लाल गोळा म्हणजे 'चेरी आय'. तिसऱ्या पापणीची ग्रंथी जागेवरून निसटलेली असते. तातडी नाही, पण रेंगाळूही नका. ग्रंथी कापून न टाकता पुन्हा जागी बसवून घ्यायची, कारण डोळ्याच्या पाण्याचा मोठा वाटा तीच बनवते. कापली तर पुढे डोळा कोरडा पडतो, आणि कॉकरमध्ये कोरड्या डोळ्याची प्रवृत्ती आधीच आहे.

रात्रीच निघायचं ते दोन गोष्टींसाठी. पहिली: डोळा लाल, दुखरा, धुरकट निळसर दिसू लागला. हा काचबिंदू असू शकतो आणि काही तासांत दृष्टी जाते. दुसरी: अचानक गळून गेला, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळट, लघवी गडद. शरीर स्वतःच्याच लाल रक्तपेशी नष्ट करू लागण्याचा एक आजार आहे, आणि कॉकर त्याला इतर जातींपेक्षा जास्त बळी पडतो.

१९. अकरा वर्षांचा कॉकर हाक मारली तर ऐकत नाही. हट्टी झालाय की बहिरा?

तो झोपेत असताना, मागून, त्याला वारा किंवा जमिनीचा कंप जाणवणार नाही अशा अंतरावर टाळी वाजवा. कानही हलला नाही तर ऐकू कमी येत असणार. आधी कानात मळ किंवा सूज नाही ना, ते पाहून घ्या. आयुष्यभर कान बिघडत आलेल्या कॉकरमध्ये त्यामुळेही ऐकू कमी येतं, आणि उपचारांनी थोडं परतही येऊ शकतं. वयाचा बहिरेपणा असेल तर हाताच्या खुणा शिकवा. म्हाताऱ्या कॉकरलाही त्या तुकड्यांच्या बदल्यात भराभर येतात. झोपेतून उठवताना अंगाला हात न लावता नाकापुढे हात धरा, वासाने जागा होईल.

ऐकू येतंय, पण घरात वाट चुकतो, रात्री येरझाऱ्या घालतो, कोपऱ्यात तोंड करून उभा राहतो, तर तो मेंदूच्या म्हातारपणाचा भाग असू शकतो. त्यावर औषधं आहेत. फक्त अंधारातच अडखळत असेल, तर डोळे तपासा (प्रश्न ११).